ऑडिशनसाठी बेणारे करू की नको? आणि या हेलाचं काय करू?

फोंडेकरीण | २ जून, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथं नुसती वाचत आले, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वीस वर्षांची आहे. फोंड्याजवळ राहते, पणजीला नाटक शिकते. पुढच्या शिक्षणासाठी यंदा मुंबईत प्रवेशाची ऑडिशन देतेय. तीन मिनिटांच्या आत एक मराठी स्वगत करून दाखवायचंय. तारीख २४ जून.

मी 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधलं लीला बेणारेचं, म्हणजे खोट्या खटल्यात आरोपी केलेल्या शिक्षिकेचं, शेवटचं स्वगत घेतलंय. अख्खं घेतलं तर वेळेत मावत नाही, म्हणून कापून दीड पानावर आणलं. पंधरा दिवस घोकतेय. परवा आमच्या सरांपुढे केलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पाठांतर चोख आहे." पुढे काहीच नाही. मी आपली तशीच उभी. नंतर वर्गातली पुण्याची मैत्रीण म्हणाली, तुझी वाक्यं शेवटाला वर चढतात, गोव्याचा हेल येतो. घरी आम्ही कोंकणी बोलतो. मराठी शाळेत, देवळात, वर्तमानपत्रात आणि नाटकात. आता हेल दाबायला गेले की बातम्या वाचल्यासारखं वाटतं.

तर बेणारे ठेवू की बदलू? विशीतल्या मुलीनं तिशी ओलांडलेल्या बाईचं स्वगत करावं का? आणि तीन आठवड्यांत हेल जातो का?

ता. क. आई म्हणते, नटसम्राटातलं कर, ते सगळ्यांना आवडतं.

कोकमसोडा | २ जून, रात्री १०.३१

आईचं ऐक. आणि ते स्वगत करून खरंच कुणी घर दिलं तर मलाही कळव. पर्वरीत भाडी परवडेनाशी झालीत.

जुनापुराणा | २ जून, रात्री ११.०५

कोकमसोडा, हसा. पण आईंचा गोव्याच्या बाजूनं हक्क आहे बरं का. नटसम्राट १९७० साली रंगभूमीवर आणलं ते गोवा हिंदू असोसिएशननं. डॉ. लागूंचा आप्पा तिथलाच. त्याच संस्थेनं १९६२ला 'रायगडाला जेव्हा जाग येते' काढलं आणि त्यात महाराज होते मास्टर दत्ताराम. आडनाव वळवईकर, म्हणजे गाव वेगळं सांगायला नको. त्याआधी मंगेशीचे दीनानाथ. हेलाची एवढी धास्ती घेऊ नका ताई, आपल्या मातीतली माणसं मराठी रंगभूमीवर पाहुणी म्हणून गेलेली नाहीत.

मुंबईत_अडकलेला | ३ जून, सकाळी ७.५०

मी म्हापशाचा. नऊ वर्षं मुंबईत. मालिकांत डॉक्टर, इन्स्पेक्टर आणि 'साहेब, फोन आलाय' अशा भूमिका केल्यात. त्यामुळे ऑडिशन या विषयावर माझा अधिकार मोठा आहे, निवड होणं या विषयावर जरा कमी.

आधी एक गोष्ट वेगळी कर. मालिकेची किंवा सिनेमाची ऑडिशन असते तेव्हा त्यांना ठरलेल्या पात्रात बसणारं माणूस हवं असतं. तिथं वीस वर्षांच्या मुलीनं चाळिशीची बाई केली तर वेळ फुकट. नाट्यशाळेच्या प्रवेशाला तसं नसतं. हिला शिकवता येईल का, सांगितलेलं ऐकते का, शरीर मोकळं आहे का, हे तिथं बघतात. त्यामुळे वय हा मोठा मुद्दा नाही. तरी तू निवडलेल्या स्वगतात बेणारे शाळकरी वयातली, मामाची गोष्ट सांगते ना? त्या मुलीपासून तू फार दूर नाहीस. खुद्द बेणारेपेक्षा ती तुला जवळची. मी असतो तर तिथूनच धरलं असतं.

घासून गुळगुळीत झालंय का? झालंय. एका रांगेत बसलो होतो, माझ्या आधी चार मुली बेणारे करून आल्या. पाचवी दारातून आत गेली तेव्हा बाहेर बसलेल्या आम्हालाही पुढचं वाक्य येत होतं.

अबोली_शिरोडा | ३ जून, सकाळी ९.२०

वरच्यांशी असहमत. ऐकणारे लोक संहितेला कंटाळत नाहीत, नकलेला कंटाळतात. चौघींनी एकाच व्हिडिओवरून बेणारे उचलली असणार. तोच थरथरता आवाज, तेच खाली बसणं, तोच हुंदका. फोंडेकरीण, खरं सांग, तू किती व्हिडिओ बघितलेस?

फोंडेकरीण | ३ जून, दुपारी १.४५

अकरा. 🙈

वेताळ_पेडणे | ३ जून, दुपारी २.१०

आमच्याकडे दशावतारात लिहिलेली संहिताच नसते. संध्याकाळी रंगपटात बसून कथानक सांगतात, तू अमका, तू तमका, आणि रात्री पात्रं जागेवर संवाद रचतात. संकासुराला कोणी 'पाठांतर चोख' म्हटलेलं ऐकलं नाही. तुम्ही शहरातले लोक आधी पाठ करता आणि मग जिवंत करायला धावता. उलटं करून बघा.

कोकमसोडा | ३ जून, दुपारी २.१४

वेताळराव, फोंडा शहर झालं कधी?

विंगेतला_आवाज | ३ जून, रात्री ११.५५

बाय, मी नट नव्हे. सावईवेऱ्याच्या बाजूचा. तीस-बत्तीस वर्षं जत्रेच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग केलं. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून सोडलं. टंकायला वेळ लागतो, चुका माफ.

प्रॉम्प्टर कुठे बसतो ठाऊक आहे ना. विंगेत, स्टुलावर. मांडीवर नाटकाची वही, हातात बॅटरी. उजेड प्रेक्षकांत जाऊ नये म्हणून काचेवर बोट धरायचं. रात्री अकराला सुरू झालेलं नाटक पहाटे संपायचं तोवर बोट चटकायचं. त्या जागेवरून नट समोरून दिसत नाही, बाजूनं दिसतो. चेहरा फार कळत नाही. श्वास कळतो. बोलण्याआधी खांदा उचलला म्हणजे पुढचं ठाऊक आहे. खांदा पडला की मी वहीवर बोट ठेवायचो.

एवढ्या वर्षांत एक पाहिलं. नट कुठंही अडत नाही. ठरलेल्या जागीच अडतो. आमच्याकडे एकजण ऐतिहासिक नाटकात सरदार व्हायचा. आवाज असा की देवळामागच्या तळ्यापर्यंत जायचा. पण एका लांब भाषणात 'म्हणून' या शब्दानंतर दर वर्षी गप्प. मी पुढचं वाक्य टाकायचो, तो उचलायचा. तिसऱ्या वर्षी तालमीत विचारलं, अरे, ते पुढचं वाक्य तू बोलतोस कशाला? तो म्हणाला, "पुढं लिहिलंय म्हणून."

तिथंच दुखणं होतं. आधीचं वाक्य पुढच्याला का जन्म देतं ते ठाऊक नसेल तर दोन वाक्यांत भेग पडते आणि पाठांतर त्या भेगेत पडतं. तुमचं पाठांतर पक्कं असल्यानं तुम्ही भेगेवरून उडी मारून जाता. तुम्ही अडत नाही, पण ऐकणारा तिथंच अडतो. सर काही बोलले नाहीत ते त्यामुळं असेल.

आता बेणारे. ते नाटक आमच्या गावात झालं नाही, पण वाचलंय. त्या खोट्या खटल्यात न्यायाधीश झालेला काशीकर तिला बोलायला किती वेळ देतो? दहा सेकंद. ती काहीच बोलत नाही. मग बाकीचे सगळे थिजतात आणि ती बोलायला लागते. खरं तर ते सगळं त्या दहा सेकंदांत तिच्या मनात धावतंय. आणि पोरी ते ठाय लयीत आळवतात. दहा सेकंदांत माणूस आळवत बसेल काय?

एक करून बघ. घरचं कुणी समोर बसव. तुझ्या प्रत्येक वाक्यानंतर त्यानं फक्त "मग?" म्हणायचं. जिथं "मग?"चं उत्तर पुढच्या वाक्यात सापडत नाही, तिथं पेन्सिलीनं फुली मार. त्या फुल्यांवर काम कर, बाकी सोडून दे.

अबोली_शिरोडा | ४ जून, सकाळी ६.४०

"पुढं लिहिलंय म्हणून." काका, हे वाक्य मी आमच्या तालमीच्या खोलीत भिंतीवर लावणार आहे. परवानगी गृहीत धरते.

मुंबईत_अडकलेला | ४ जून, सकाळी ८.०२

काका _/\_

एक भर घालतो. वेळ. माझा संथ बोलण्याचा वेग मिनिटाला साधारण शंभर-एकशेदहा शब्द पडतो, मोजून बघितलाय. तीन मिनिटं दिली असतील तर दोन-सव्वादोन मिनिटांचंच बसव. अडीचशे शब्दांच्या आत. राहिलेला वेळ श्वासाला आणि गप्प राहण्याला. घड्याळ बघून मध्येच थांबवतात, आणि शेवट ठेवणीतला असेल तर तो तुझ्यापाशीच राहतो.

आणि परीक्षकांच्या डोळ्यांत बघून बोलू नकोस. त्यांना टिपणं काढायची असतात, तू रोखून बघितलंस की ते अवघडतात. त्यांच्या डोक्याच्या जरा वर किंवा बाजूला एक जागा धर, तिथं माणूस उभा कर.

सातेरीचो_पूत | ४ जून, सकाळी १०.३३

मूळ प्रश्नच चुकीचा. घरी कोंकणी बोलता तर स्वगत कोंकणीत करा. मराठीत करून वर हेलाबद्दल माफी कशाला मागायची?

जुनापुराणा | ४ जून, सकाळी १०.५०

ऑडिशन मराठी स्वगताची आहे, वाचलंत का? आणि गोव्यातलं मराठी हे कुणाच्या घरून उसनं आणलेलं नाही. आमच्या गावात देवळापुढं शंभर वर्षं मराठी नाटकं…

सातेरीचो_पूत | ४ जून, सकाळी १०.५८

नाटक मराठी आणि नाटक संपल्यावर विंगेत भांडण कोंकणी. मग खरी भाषा कुठली?

व्यवस्थापक | ४ जून, सकाळी ११.३०

मंडळी, हा वाद १९८७च्या राजभाषा कायद्यालाही मिटवता आला नाही, या धाग्यालाही मिटणार नाही. त्यासाठी वेगळा धागा आहे, त्यावर आजमितीस सातशे प्रतिसाद आहेत. तिकडे जा. इथं मुलीची ऑडिशन आहे.

अबोली_शिरोडा | ४ जून, दुपारी १२.१५

विंगेतलं भांडण कोंकणी, हे मात्र खरं. आणि गंमत म्हणजे त्यातच उपाय आहे. मी शाळेत मुलांची नाटकं बसवते. मराठी संवाद पोरं गळ्यातून काढतात, टाचा उंचावून. मग मी सांगते, हेच आता घरच्या भाषेत सांग. लगेच आवाज पोटात जातो, हात मोकळे होतात. दोन-तीनदा घरच्या भाषेत झालं की परत मराठीवर आणायचं. शब्द लेखकाचे, पण सांगण्याची रीत घरची राहते. संहितेतला एक शब्दही बदलायचा नाही हं, हे फक्त तालमीपुरतं.

हेलाबद्दल: दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उच्चार अस्पष्ट असेल, च-ज-झ चुकत असतील, वाक्याचा शेवट गिळला जात असेल तर ती दुरुस्ती हवीच, आणि तीन आठवड्यांत पुष्कळ होते. सूर वर जातो हा दोष असेलच असं नाही. तो प्रत्येक वाक्याला जातो की काहीच वाक्यांना, हे आधी बघ. प्रत्येक वाक्याला तोच सूर लागत असेल तर हेल पुण्याचा असला तरी कंटाळाच येणार.

रानमाणूस_सत्तरी | ४ जून, दुपारी ३.४०

पुण्याच्या लोकांना हेल नसतो, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलंय.

फोंडेकरीण | ६ जून, रात्री ९.२५

काकांची युक्ती करून बघितली. आजीला समोर बसवलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. म्हटलं, आजी, माझ्या प्रत्येक वाक्यानंतर "मागीर?" म्हण. तिनं मान डोलावली, खडे वेचणं चालूच.

पहिल्या चार वाक्यांना "मागीर?" बरोबर पडलं. पाचव्याला मी थांबले. तिनं परत विचारलं, "मागीर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचं वाक्य पाठ होतं, जिभेवर होतं, पण त्या "मागीर?"ला ते लागू पडेना. दीड पानात अशा सात जागा निघाल्या. सात!

नंतर वही काढून बघितलं तर त्यातल्या पाच मी कापलेल्या जागा. मी कापताना सगळे धक्के ठेवले होते आणि एका धक्क्यापासून दुसऱ्यापर्यंत जायची वाट काढून टाकली होती. मामा ठेवला, प्राध्यापक ठेवला, मूल ठेवलं. म्हणजे मी स्वगत करत नव्हते, दुःखांची यादी वाचत होते. आता प्राध्यापकाचा भाग सोडला. मामापासून धरलंय.

आणि एक. मामाच्या भागात आजीच्या हातातलं सूप थांबलं. म्हणाली, हे तिनं ह्या लोकांसमोर सांगायला नको होतं. मी म्हटलं, अगो आजी, ती मनात बोलतेय, त्यांना ऐकू जात नाही. आजी म्हणाली, मग एवढ्या मोठ्यानं कशाला सांगतेस?

काल रात्रभर त्यावर विचार करतेय.

विंगेतला_आवाज | ६ जून, रात्री ११.१०

आजीला माझा नमस्कार सांग. तिनं बत्तीस वर्षांचं काम एका बैठकीत केलं.

मोठ्यानं का बोलतेस ते मी सांगतो. तू जत्रेच्या नाटकात काम केलंयस काय?

फोंडेकरीण | ६ जून, रात्री ११.१८

हो काका! अकराव्या वर्षी हरिश्चंद्राच्या नाटकात रोहिदास. नंतर चार-पाच नाटकं. तुम्हाला कसं कळलं?

विंगेतला_आवाज | ६ जून, रात्री ११.५०

टांगलेला माईक. आपल्या स्टेजवर वरून तीन माईक लोंबतात. लहानपणी तालीम मास्तर काय सांगतात? "माईकखाली ये आणि मान वर करून बोल." पात्र मरायला आलं तरी सरकत सरकत माईकखाली येऊन मरतं. आमच्याकडचा एक भीष्म शरपंजरी पडला तो बरोबर मधल्या माईकखाली.

ती सवय अंगात राहते. हनुवटी वर, आवाज वर, वाक्याचा शेवट वर. त्या पुण्याच्या मुलीनं ज्याला हेल म्हटलं त्यातला निम्मा माईक असेल. खोलीत दहा-बारा हातांवर माणसं बसलेली असणार. हनुवटी खाली घे आणि आजीला सांगितलंस तेवढ्याच आवाजात सांग. कुजबुजू मात्र नकोस. आजीला कमी ऐकू येत असेल तर उत्तमच.

फोंडेकरीण | ७ जून, सकाळी ७.०५

येतं. डाव्या कानानं.

कोकमसोडा | ७ जून, सकाळी ७.३०

मधल्या माईकखाली मेलेला भीष्म!! ऑफिसात चहा सांडला.

म्हापशाची_ज्यो | ८ जून, सायंकाळी ५.२०

थोडं अवांतर. माझा भाचा जाहिरातींसाठी मोबाईलवर ऑडिशन करून पाठवतो, त्याला प्रश्न आवाजाचा. घरात शांतता मिळेल तर शपथ. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंय पोंय, मग मासे विकणारी नुस्तेकारीण, मग शेजारच्याचा पंप. परवा गंभीर सीन, डोळ्यांत पाणी, आणि नेमका मागे पोदेर. दिग्दर्शकाचा निरोप आला, "अभिनय बरा. पाव कुठला?"

मुंबईत_अडकलेला | ८ जून, सायंकाळी ६.०१

😂😂 तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो. खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं, खिडकी पाठीमागे नको. मागे साधी भिंत, कॅलेंडर आणि देवांचे फोटो काढून. मोबाईल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, पुस्तकांवर पुस्तकं रचून. छातीपासून वर दिसेल एवढंच. जूनमध्ये पत्र्याखालच्या खोलीत रेकॉर्डिंग करू नये, पाऊस आला की फक्त पत्राच ऐकू येतो. आमच्या घरी कपाट उघडून त्याच्या दारात उभा राहायचो, कपडे आवाज शोषून घेतात.

आणि धागा वाचणाऱ्या इतर पोरांसाठी: ऑडिशनला पैसे मागितले तर उठायचं. मी पहिल्या वर्षी 'नोंदणी आणि फोटो'चे म्हणून पाच हजार भरले. फोटो मिळाले. अजून आहेत. आईनं फ्रेम केलेत.

एक_आई | ९ जून, दुपारी ४.००

विषय निघालाच आहे म्हणून. आमचा मुलगा नाटक शिकायला बाहेर गेला तेव्हा मी रडले, नवरा गप्प. आता तो परत येऊन इथंच मुलांना शिकवतो. पोट भरतं, फार उरत नाही. फोंडेकरणीच्या आईला सांगा, नटसम्राट सुचवणारी आई वाईट नसते. निदान नाटक तरी सुचवते. मी बँकेची परीक्षा सुचवली होती.

वेताळ_पेडणे | १० जून, सकाळी ९.१५

प्रवासाचं कोण बोलणार? कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या सावकाश जातात, वर दरडीचा भरवसा नाही. २४ला ऑडिशन म्हणजे २३ला सकाळी मुंबईत हवं. कोकणकन्येतून उतरून थेट ऑडिशनला जाणारा नट मी बघितलाय. संवाद बरे बोलला, फक्त डुलत होता.

रानमाणूस_सत्तरी | १० जून, सकाळी ९.४०

आणि नाट्यगीत विचारलं तर? गोव्याची म्हटल्यावर गा म्हणणारच. एक पद तयार ठेव. पट्टी ठरव, नाहीतर वरच्या सुरात घर मागावं लागेल.

अबोली_शिरोडा | १० जून, सकाळी १०.०५

चेष्टा वाटेल पण खरं आहे. गाणं नाही, पण स्वगत झाल्यावर बऱ्याचदा सांगतात की आता हेच वेगळ्या परिस्थितीत कर. हसत कर, धावत कर, लहान मुलाला सांग. बसवलेलं फार घट्ट असेल तर तिथं पोरं कोसळतात. घरी मुद्दाम सराव कर. भांडी घासताना म्हण, जिना चढताना म्हण. शब्द तेच राहिले पाहिजेत, बाकी सगळं हललं पाहिजे.

फोंडेकरीण | १९ जून, रात्री १०.४४

सध्याची स्थिती: दोन मिनिटं दहा सेकंद. सातपैकी पाच फुल्या पुसल्या. अख्खं स्वगत आजीला कोंकणीत सांगून झालं, मग मराठीत. मराठीत सांगताना ती म्हणाली, हे कालच सांगितलंस. म्हणजे शब्द बदलले तरी तिला तेच ऐकू आलं. मी उड्या मारल्या.

सरांना परत दाखवलं. या वेळी म्हणाले, "तिसऱ्या वाक्यानंतर घाई करतेस." एवढं बोलले! चष्मा पुसला नाही.

उरलेल्या दोन फुल्या काही जात नाहीत. तशाच घेऊन जातेय. काका, काय करू?

विंगेतला_आवाज | १९ जून, रात्री ११.३०

घेऊन जा. त्या दोन जागी काय पुढे येतं ते तुला ठाऊक नाही, तसं त्या बाईलाही ठाऊक नसेल. तिथं पटकन पुढचं वाक्य ओढू नकोस. थांब, आणि सापडलं की बोल. माझी एक खोड सांगतो. चांगला नट थांबला की माझं बोट वहीवर जायचं, पण मी तोंड उघडायचो नाही.

कोकमसोडा | २४ जून, सकाळी ८.००

आज ना? देव बरें करूं.

फोंडेकरीण | २५ जून, रात्री ११.२०

परतीच्या गाडीत आहे, नेटवर्क येतंय-जातंय, तुटक लिहिते.

माझ्या आधी दोन बेणारे झाल्या. (मुंबईत_अडकलेला, तुमचा हिशेब बरोबर.) आत तिघं होते. मी चौथ्या-पाचव्या वाक्यापर्यंत गेले असेन, पहिली फुली आली, थांबले. खरंच थांबले. मग सापडलं आणि बोलले. तेवढ्यात मधल्या बाई म्हणाल्या, "थांब." पोटात खड्डा पडला. म्हणाल्या, हेच आता बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला सांग, बस भरलेली आहे.

मी डोळे मिटले तर कदंबा. फोंडा–पणजी, सकाळची, उभ्यानं. शेजारी कोण असणार, आजीच्या वयाची बाई, मांडीवर पिशवी. सुरू केलं. आवाज एकदम खाली आला, मागच्या सीटला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि हेल आला. सगळाच आला, धरणाचं दार उघडल्यासारखा. मी दाबला नाही, दाबायला वेळच नव्हता. मामाच्या वाक्याला मी खिडकीबाहेर बघितलं, ते बसवलेलं नव्हतं.

शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. डावीकडच्या सरांनी विचारलं, "गाव कुठलं?" म्हटलं, फोंडा. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. चांगलं की वाईट, काही कळलं नाही. "पाठवा पुढची," म्हणाले.

निकाल जुलैत.

घरी फोन केला. आजीनं विचारलं, "मागीर?" आईनं विचारलं, नटसम्राट कुणी केलं का? एकानं केलं होतं. आईचं म्हणणं, तो नक्की लागणार.

अबोली_शिरोडा | २५ जून, रात्री ११.४१

'गाव कुठलं' याचे मी आता रात्रभर अर्थ लावत बसणार.

जुनापुराणा | २५ जून, रात्री ११.५२

मीही. फोंडा म्हटल्यावर त्यांनी मंगेशी विचारलं नाही म्हणजे नवे असणार.

विंगेतला_आवाज | २६ जून, सकाळी ६.१५

बाय, निकाल लागेल तेव्हा लागेल. आमच्या गावची जत्रा कार्तिकात आहे. यंदाच्या नाटकात सूत्रधाराचा पार्ट रिकामा आहे. माईक टांगलेलेच आहेत, पण तू मान खाली ठेवून बोल, मी माईकवाल्याला दोरी सैल सोडायला सांगतो.